वाहनसुख आणि मनाची टोचणी



शास्त्रविवरणाला वाहिलेल्या या पानांत मोटारगाडीचा विषय पाहून काहींना नवल वाटेल, काहींना तो औचित्यभंगही वाटेल. परंतु प्रश्न घेऊन आलेला मनुष्य जे विचारतो त्याचेच उत्तर त्याला द्यावे लागते. आपल्याला जे पाठ आहे ते म्हणून दाखवून त्याची बोळवण करणे हे अध्यापनाचे लक्षण नव्हे. गेल्या कार्तिकात केडगावच्या मुक्कामी एका वासनिक गृहस्थांनी जो प्रश्न पुढे ठेवला तो वरवर पाहता गाडीचाच होता. विचार करू लागलो तेव्हा लाज आणि अपराध, दान आणि ऋण यांच्यामधल्या ज्या सीमारेषा आपण रोजच्या व्यवहारात फार ढिल्या ठेवतो, त्यांच्यापाशी तो येऊन थांबला. म्हणून हे लिहीत आहे. गृहस्थांची अनुमती घेतली आहे. नाव देत नाही.

केडगाव हे नगर शहराच्या दक्षिणेस पुणे रस्त्यावरचे जुने गाव. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे नवरात्रात येथे पंचक्रोशी लोटते. नगरची महानगरपालिका २००३ साली झाली, केडगाव आज तिच्याच हद्दीत आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नगरला जाऊन येतो’ हेच आहे. बाह्यवळण रस्ता झाला, नेप्तीला कांद्याचा बाजार वाढला, आणि ज्या जमिनीचे मोल पूर्वी पिकावरून ठरे ते रस्त्यापासूनच्या अंतरावरून ठरू लागले. प्रस्तुत गृहस्थ अशाच एका शेतकरी कुळातले. त्यांचे वडील सायकलीवरून नगरच्या पेठांत दूध घालीत. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यामुळे लूना हे नाव नगरकरांना घरचे वाटे. ती १९७२ साली बाजारात आली आणि पुढे काही वर्षांनी वडिलांनी एक लूना घेतली. दुधाच्या किटल्या सायकलीवरून तिच्यावर आल्या. मागच्या कॅरिअरवर कधी हे गृहस्थ, कधी त्यांची बहीण शाळेपर्यंत जात. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. आळीत यंत्राचे वाहन येणे ही केवढी गोष्ट होती हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. ती लूना अजून त्यांच्या गोठ्यात उभी आहे. चालत नाही, पण मोडीतही घातलेली नाही.

गेल्या दसऱ्याला या गृहस्थांनी २२ लाखांची गाडी घेतली. कर्ज न काढता, एकरकमी. पांढरी, उंच, आत बसले की बाहेरचा आवाज येऊ नये अशी. घरच्या मंडळींनी ती आधी देवीच्या देवळापुढे नेली, चाकाखाली लिंबे ठेवली. आपल्या पंथाच्या माणसाने हे करावे की नाही हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो मी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोललो आहे.

पेढे वाटताना लोकांचे बोलणे सुरू झाले. एकाने विचारले, “कांद्यानं दिली का रस्त्यानं?” दुसरा म्हणाला, “आता आम्हाला ओळख दाखवा म्हणजे झालं.” चुलते गाडीभोवती एक फेरी मारून ओट्यावर बसले आणि म्हणाले, “तुझ्या बापाला जन्मात कधी पाठ टेकून प्रवास करायला मिळाला नाही.” हे कौतुक होते की दोष, ते त्यांनाही सांगता आले नसते. एक शेजारी रोज डिझेलचा भाव विचारू लागला. लहानपणापासूनचा एक सोबती बाजाराकडे पायी निघाला होता. यांनी गाडी थांबवून दार उघडले, तर तो “चपलांना चिखल आहे, तुझी गाडी खराब होईल” एवढे बोलून चालू लागला. शेतातून परतणाऱ्या बाया, यांनी वेग कमी केला तरी, रस्ता सोडून गटाराच्या कडेला उभ्या राहिल्या. या सगळ्यांत कोणी शिवी दिली नाही, कोणी अडवले नाही. तरी महिन्याभरात गृहस्थ गाडी मागच्या बोळात उभी करू लागले आणि बाजारात जुन्या मोटारसायकलीवर जाऊ लागले. कोणी न विचारता सांगू लागले की मुलाचा हट्ट होता, पाठीचे दुखणे आहे, जुनी गाडी दोनदा घाटात बंद पडली. किंमत विचारली तर सोळा लाख सांगू लागले. “बाबा, सहा लाखांचं खोटं मी फुकट बोललो,” असे ते मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले.

त्यांच्या हातात एक पाकीट होते. आमच्या पाकशाळेचे छप्पर गेले दोन पावसाळे गळते आहे हे त्यांना ठाऊक होते. पाकिटात एक लाख रुपये होते. “गाडी घेऊन मी पाप केलं का? आणि केलं असेल तर हे त्याला पुरेल का?” असा त्यांचा प्रश्न.

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग ऐकून मी पहिल्याविषयी सावध झालो.

या ठिकाणी मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर हे सारे विवेचन काठावर उभे राहून पोहणाऱ्याला सूचना दिल्यासारखे होईल. आमच्या आचारात अटन सांगितले आहे आणि अटन म्हणजे पायांनी चालणे. आज आम्ही पुष्कळ जण वाहनांतून फिरतो. अंतरे वाढली, कार्यक्रम वाढले, उपदेशी मंडळी प्रेमाने गाडी पाठवतात. कारणे सर्व खरी आहेत. काही वर्षांपूर्वी एका मेळाव्याला जाताना अशीच एक चांगली गाडी माझ्यासाठी आली होती. गादी मऊ, काच काळी, आत गारवा. मला ते सुख आवडले, हे लपवीत नाही. वाटेत आमच्याच मार्गातले एक वृद्ध साधू झोळी घेऊन उन्हातून चाललेले दिसले. मी त्यांना ओळखले. चालक गाडी सावकाश करू लागला, तेव्हा मी “उशीर होईल” म्हणालो. त्या वृद्धांनी, आत कोणी पंथाचे माणूस असेल या समजुतीने, गाडीलाच दंडवत घातले. काच मी खाली केली नाही. पुढे त्यांची गाठ घेऊन क्षमा मागितली, तर त्यांना प्रसंग आठवतही नव्हता. मला तो आठवतो. परंतु काय आठवते ते नीट पाहिले तर गादी आठवत नाही, गारवा आठवत नाही, गाडीची किंमत तर कधीच ठाऊक नव्हती. वाकलेली एक पाठ आठवते. टोचणी गाडीची होती असे मी कितीतरी दिवस समजत होतो आणि त्यामुळे पुष्कळ दिवस उगाच एस.टी.ने फिरलो.

असो. आता लाजेचा विचार करू, कारण गृहस्थांच्या दुःखातला मोठा वाटा तिचाच होता. लाज ही दुसऱ्याच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहिल्याने उत्पन्न होते. त्या डोळ्यांना मोठ्या वस्तूचे जसे वावडे असते तसे लहान वस्तूचेही असते. रतन टाटा यांनी स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून स्वस्त गाडीचा संकल्प केला आणि २००८ सालच्या जानेवारीत नॅनो लोकांपुढे आणली. लाख रुपयांची गाडी म्हणून तिचा जगभर गाजावाजा झाला. पावसात भिजणाऱ्या मध्यमवर्गाला ती हवीच होती, असे कोणालाही वाटले असते. तिच्या अपयशाची कारणे एकाहून अधिक आहेत, कारखाना सिंगूरहून साणंदला न्यावा लागला हेही त्यांत येते. पण ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच तिला भोवली, हे टाटांनी स्वतः नंतर बोलून दाखवले. दहा वर्षांत तिचे उत्पादन थांबले. दारात स्वस्त गाडी उभी असणे ज्यांना नको होते आणि दारात महाग गाडी उभी असल्यामुळे जे मागच्या बोळात जातात, ते दोघेही एकाच दरबारात हात जोडून उभे आहेत. आमच्या गृहस्थांनी सोळा लाख सांगितले. कोणी दुसरा सोळाची घेऊन बावीस सांगेल. दोन्ही खोट्यांची जात एकच.

एवढेच नव्हे, साधे म्हणवून घेण्याची हौस ही श्रीमंत म्हणवून घेण्याच्या हौसेपेक्षा अधिक चिवट असते, कारण तिला सद्गुणाचे वस्त्र मिळते. आम्हा विरक्तांत तर ती फार आढळते. जुन्या मोटारसायकलीवर बाजारात जाताना गृहस्थांना जे समाधान मिळत होते त्यात गाडी नसण्याचे सुख किती आणि ‘एवढी गाडी दारात असून बघा कसा जातो’ हे ऐकण्याचे सुख किती, असे मी त्यांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे ‘निम्मेनिम्मे’ असे उत्तर दिले.

येथे कोणी विचारवंत म्हणेल की, लाजेचा भाग सोडा. परंतु भुकेल्यांच्या जगात २२ लाखांचे वाहन घेणे हाच मुळात अपराध आहे, मग लोक पाहोत वा न पाहोत. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. पीटर सिंगर या तत्त्वचिंतकाने १९७२ साली तो एका निबंधात फार स्वच्छपणे मांडला. पूर्व बंगालमधल्या निर्वासितांचे हाल त्याच्यापुढे होते. तळ्यात बुडणारे मूल दिसले तर कपडे चिखलाने भरतील म्हणून कोणी काठावर थांबत नाही. मग दूरचे मूल मरत असताना आपण चैनीवर खर्च करतो तो कोणत्या न्यायाने, असा त्याचा प्रश्न. योगायोग असा की, त्याच साली महाराष्ट्र दुष्काळात होता. नगर जिल्ह्यातली माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात होती आणि सुकडीवर दिवस काढीत होती. तेव्हा हा प्रश्न आम्हाला परका नाही. आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी तो पोटात भोगलेला आहे.

तरीही मला यात एक अडचण दिसते. सिंगरचा हिशेब चुकला आहे असे मी म्हणत नाही. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याने त्या हिशेबाप्रमाणे आणखी द्यावे, पुष्कळ द्यावे. परंतु ज्याच्या मनात एखादा विशिष्ट अपराध दडलेला आहे त्याला सगळ्या जगाचे दुःख हे लपायला फार सोयीचे रान मिळते. ‘मी साऱ्या गरिबांचा ऋणी आहे’ असे म्हणणारा मनुष्य पुष्कळदा एका माणसाचे नाव घेण्याचे टाळीत असतो. साऱ्या गरिबांपैकी कोणीही दारात येऊन कागद पुढे धरत नाही. त्यांना किती द्यायचे, केव्हा द्यायचे, हे देणाऱ्याच्या हाती राहते. ऋणकोने स्वतःच धनको निवडावा, असा तो प्रकार होतो.

आपल्या परिभाषेत विकार, विकल्प आणि हिंसा या तिन्हींचा त्याग सांगितला आहे. वाचकांना या शब्दांची व्याख्या नको; मी केवळ ते प्रस्तुत प्रसंगावर ठेवून पाहिले. गाडीत बसल्यावर मनाला जी गुदगुली होते ती विकारात येईल. गृहस्थाश्रमात ती थोडीफार राहणारच. सराळ्याच्या धनाढ्य म्हाइंभटांनी पुढे काय सोडले हे सांगून शेतकऱ्याला त्याच्या गादीवरून उठवणे मला योग्य वाटत नाही. शेजाऱ्यांच्या मनात जे आले, आणि शेजाऱ्यांच्या मनात काय आले असेल म्हणून गृहस्थांच्या मनात जे आले, तो सगळा विकल्पाचा पसारा. तो सोसावा, त्याला उत्तरे देत बसू नये. हे दोन्ही मिळूनसुद्धा माणसाची झोप महिनाभर उडत नाही. तेव्हा तिसरे काही असले पाहिजे. कोणाला तरी लागले असले पाहिजे.

म्हणून मी पाकीट तसेच राहू दिले आणि विचारले, “रात्री जाग येते तेव्हा कोणाचं तोंड दिसतं?”

पुष्कळ वेळ ते बोलले नाहीत. आधी सोबत्याचे नाव घेतले, मग गटाराकडेच्या बायांचे. मी थांबलो. मग म्हणाले, “ताई भाऊबीजेला आली होती.”

ही बहीण त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, परंतु घरात सगळे तिला ताईच म्हणतात. पारनेर तालुक्यात दिलेली. तीन एकर कोरडवाहू, मुलगा तंत्रनिकेतनात, त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले. वडील २०१६ साली गेले. दोन वर्षांनी भावांनी तिला नगरला बोलावून घेतले आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र झाले. तिला पैठणी घेतली, हातावर पाच हजार ठेवले, सगळ्यांनी मिळून बाहेर जेवण केले. आणखी चार वर्षांनी बाह्यवळणाकडेची जमीन गेली. त्या पैशांतून आधी घर झाले, धाकट्या भावाचे दुकान झाले, आणि शेवटी गाडी झाली. भाऊबीजेला तिने भावाला ओवाळले, मग कोणी न सांगता तेच तबक घेऊन बाहेर गेली, गाडीलाही कुंकू लावले, आपल्या शेतातल्या शेंगांची पिशवी मागच्या डिकीत ठेवली. निघताना हे म्हणाले, गाडीने सोडतो. ती म्हणाली, “कशाला तेल जाळायचं दादा, थेट एस.टी. आहे.” आणि गेली.

साऱ्या गावाने काही ना काही बोलून घेतले, हिने काहीच नाही. गृहस्थांना गावाचे बोलणे पाठ होते, आणि ज्याने झोप उडाली ते मात्र सर्वांत शेवटी आठवले. गावाचे टोमणे त्यांना एका अर्थी उपकारक झाले होते. ‘लोक जळतात’ असे म्हटले की दोष लोकांकडे जातो. न जळणाऱ्या माणसाचे काय करावे हे कोणाला समजत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर पत्र निर्दोष असू शकेल. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिकीचा हक्क दिला, पण त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने येतो, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे ताईचा वाटा भावांच्या वाट्याइतकाच होता. आपल्याला मिळालेला हक्क स्वखुशीने सोडण्याचीही कायद्यात मोकळीक आहे. पत्रात ‘स्वखुशीने’ हा शब्द असतोच. टंकलेखकाकडे तो आधीच छापलेला असतो.

शंका अशी येते की, तिने सही केली ना? कोणी हात धरला नव्हता ना? मग कोणाचे काय लागते?

याचा विचार सावकाशीने केला पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट अशीच झालेली आहे आणि त्यांतले कितीतरी भाऊ सज्जन आहेत. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या चरित्रात हक्क सोडल्याचा एक प्रसंग आहे. बच्छराज शेटजींच्या घराण्यात ते दत्तक आलेले. १९०७ साली, सतरा-अठरा वर्षांच्या वयात, एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबांशी खटका उडाला. आजोबा संपत्तीवरून टाकून बोलले. तेव्हा या मुलाने पत्र लिहून साऱ्या संपत्तीवरचा आपला हक्क सोडला आणि घराबाहेर पडला. आजोबांनी समजूत घालून परत आणले. पुढे ती संपत्ती हाती आली तरी ती आपली नव्हे, आपण सांभाळणारे आहोत, या वृत्तीने ते वागले. गांधीजी ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत तिचे उदाहरण म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. १९२१ साली सरकारची रायबहादुरी परत केली, आणि १९४२ साली गेले त्याआधीचे दिवस गोपुरीच्या झोपडीत गोसेवेत घालवले. (त्यांच्याच घराण्याच्या नावाची स्कूटर पुढे घरोघर गेली, ही गोष्ट वेगळी.)

जमनालालांचेही हक्कसोडपत्रच होते आणि ताईचेही. पण जमनालालांनी कागद स्वतः मागितला, स्वतः लिहिला, आणि त्यानंतर त्यांना आजोबा तुटतील याची भीती उरली नव्हती. ते तोडूनच निघाले होते. ताईसाठी कागद दुसऱ्यांनी तयार केला. दिवस त्यांनी ठरवला, गाडी त्यांनी केली, बोट ठेवायची जागा त्यांनी दाखवली. तिने नाही म्हटले असते तर जमिनीचा तुकडा मिळाला असता आणि माहेर गेले असते, हे त्या कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत होते. दिवाळीला जाण्याचे घर, मुलाच्या लग्नात मामा म्हणून उभा राहणारा भाऊ, सासरी काही कमीजास्त झाले तर परत येण्याची जागा, एवढे सगळे तागडीच्या एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात सातबारा ठेवला आणि तिला म्हटले, निवड. तिने माहेर निवडले. ती निवड खरी आहे. परंतु माहेर हे तिला विकत घ्यावे लागले, आणि भावांनी ते विकले, हेही तितकेच खरे. भावांना त्या वेळी हे दिसले नाही, कारण रीतच तशी होती. रीत असली की मनुष्याला आपण काही करतो आहोत असेच वाटत नाही. मग बावीस लाखांची पांढरी वस्तू दारात उभी राहते, आणि इतकी वर्षे कागदात घडी घालून ठेवलेला हिशेब लोखंडाचा होऊन समोर येतो. घरात भिंती वाढल्या तेव्हा तो दिसला नव्हता, दुकानात माल भरला तेव्हाही नाही. गाडीने एवढेच केले. त्या अर्थी गृहस्थांनी तिचे आभार मानावेत असे मी म्हणालो, तर ते त्यांना फारसे रुचले नाही.

आता पाकिटाचा प्रश्न. ते मी परत केले. आमच्यातल्या एका सहाध्यायींना हे पटले नाही. छप्पर खरोखर गळते, आषाढात पिठाचे डबे हलवत रात्र काढावी लागते, आणि धर्मकार्यासाठी आलेले द्रव्य परत पाठवणे हा अतिरेक आहे, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पाकीट जड गेले. एक लाखात छप्पर झाले असते आणि थोडे उरलेही असते. परंतु ज्या देवीच्या नावाने आज आमचा जिल्हा ओळखला जातो त्या चौंडीच्या अहिल्याबाईंचे एक वर्तन माझ्या नेहमी ध्यानात राहिले आहे. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे, अन्नछत्रे उभारली, ती आपल्या खासगीतून. दौलतीचा पैसा निराळा, खासगीचा निराळा. दानाचा संकल्प सोडण्यापूर्वी, जे द्यायचे ते आपले आहे ना, हे त्यांनी पाहिले. राज्य ज्यांच्या हातात होते त्यांनी हा भेद पाळला, तर आपण एका पाकिटापुरता तो पाळू नये काय? त्या एक लाखात ताईचे किती होते हे ठरल्याशिवाय ते दान होऊच शकत नव्हते. मी ते घेतले असते तर गृहस्थ हलके होऊन घरी गेले असते, आमचे पीठ कोरडे राहिले असते, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याच्या पैशांनी पुण्य वाटून घेतले असते. शिवाय पुढच्या भाऊबीजेला ती पुन्हा एस.टी.ने गेली असती.

गाडी विकू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. विकून आलेला पैसा ताईच्या घरी गेला तर गोष्ट निराळी. पण केवळ डोळ्यांपुढून जावी म्हणून विकायची असेल तर ते साक्षीदाराला गावाबाहेर घालवण्यासारखे आहे. गाडी ठेवावी, पुढच्या दारात उभी करावी, किंमत विचारली तर बावीस सांगावी. सोबत्याला पुन्हा विचारावे, चिखलाच्या चपलांसकट. त्याने नाकारले तर तोही त्याचा हक्क आहे.

आणि ताईकडे जावे. कसे बोलावे याविषयी मला काही सांगता आले नाही. विरक्ताला भावाबहिणींचे बोलणे काय ठाऊक? एवढेच म्हणालो की क्षमा मागण्याच्या आधी हिशेब घेऊन जा. नुसती क्षमा मागितली तर ती लगेच ‘असू दे’ म्हणेल, आणि मग आपले देणे फिटले असे तुम्हालाच वाटेल.

ते मार्गशीर्षात गेले. तिने ऐकून घेतले, चहा केला, आणि ‘कागद झाला ना आता, कशाला उकरता’ एवढेच म्हणाली. तिच्या मालकांना मात्र वेगळे वाटले असावे. ते उठून बाहेर गेले. गृहस्थ परत येऊन मला विचारू लागले, आता तिनेच नको म्हटले, तर मी सुटलो का? मी म्हणालो, सही करतानाही ती याच आवाजात हो म्हणाली असेल.

माघात ते पुन्हा आले होते. गावाच्या बाजूला विहिरीजवळची वीस गुंठे अजून दोघा भावांच्या नावावर आहेत, ती तिच्या नावे करण्याचा कागद वकिलाकडून तयार करून घेतला आहे. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाचे दोन हप्ते तिला न सांगता भरले, ते तिला कळले, आणि त्यावरून ती रागावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे सांगताना ते दुःखी दिसले नाहीत. जमिनीच्या कागदावर धाकट्या भावाची सही लागते. तो म्हणतो, तुला गाडीचं टोचतं तर गाडी दे, माझ्या दुकानाचा त्यात काय संबंध? त्याची सही अजून झालेली नाही.